टर्बो गाडीची ताकद वाढवली, पण क्लच तोलणार का? रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीसाठी क्लच निवडताना काय पाहावे

निपाणीजवळचा तवंदी घाट. चढाला गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे. पुढचा ऊस भरलेला ट्रॅक्टर मागे टाकायचा म्हणून चालकाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज एकदम चढला, आरपीएमचा काटा तीन हजारांवरून साडेचार हजारांवर गेला, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. दोन सेकंदांत केबिनमध्ये करपल्याचा वास. आठवड्यापूर्वीच रिमॅप केलेली टर्बो गाडी. इंजिन ठणठणीत, टर्बो ठणठणीत. हार मानली ती क्लचने.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर पट्ट्यात हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. पोलो, व्हर्टस, आय-ट्वेंटी एन लाइन, नेक्सॉन, फ्रॉन्क्स अशा छोट्या टर्बो इंजिनच्या गाड्या घरोघरी आल्या. संगणकावरून इंजिनचा मॅप बदलला की ताकद वाढते, हे तरुणांना कळले. पण वाढलेली ताकद चाकापर्यंत पोहोचवणारा दुवा, म्हणजे क्लच, कंपनीने मूळ ताकदीच्या हिशेबानेच बसवलेला असतो. मग गॅरेजमध्ये एकच प्रश्न येतो: "कुठला क्लच टाकू, जो पुन्हा जळणार नाही?"

याचे उत्तर एका ब्रँडच्या नावात नाही. ते थोड्या गणितात आणि गाडी नेमकी कशी चालवली जाते यात आहे.

क्लच धरतो म्हणजे काय

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील फिरत असते. त्याच्यापुढे क्लच प्लेट आणि तिच्यावर दाब देणारी प्रेशर प्लेट. पेडल सोडले की प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि दोन्ही एकत्र फिरतात. दोन हातांच्या मध्ये भाकरी दाबून धरावी तसा हा प्रकार. दाब कमी पडला किंवा पृष्ठभाग गुळगुळीत झाला, की भाकरी निसटते.

क्लच किती टॉर्क तोलू शकतो हे चार गोष्टींवर ठरते: प्लेटच्या घासणाऱ्या बाजू किती, मटेरियलचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेटचा दाब किती आणि केंद्रापासून घर्षण सरासरी किती अंतरावर होते. या चारही आकड्यांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता.

एक उदाहरण घेऊ. समजा क्लच प्लेटच्या लायनिंगचा बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर आणि आतला १३४ मिलिमीटर आहे. सरासरी त्रिज्या झाली ८३.५ मिलिमीटर. घर्षणांक ०.३, दाब ४,५०० न्यूटन आणि बाजू दोन. गुणाकार येतो सुमारे २२५ न्यूटन मीटर.

आता पोलोच्या १.० टीएसआय इंजिनचा कंपनीने दिलेला टॉर्क आहे १७५ न्यूटन मीटर. क्लच इंजिनच्या टॉर्कपेक्षा साधारण तीस टक्के जास्त तोलणारा असावा, असा ढोबळ नियम धरला तर १७५ साठी २२७ लागतात. म्हणजे उदाहरणातला क्लच मूळ गाडीला अगदी बरोबर बसतो. रिमॅपनंतर टॉर्क समजा २३० झाला, तर हाच क्लच काठावर येतो. प्लेट थोडी झिजलेली, दिवस उन्हाळ्याचा आणि पुढे घाट असेल, तर तो घसरणारच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. क्लचला अश्वशक्तीशी देणेघेणे नसते, टॉर्कशी असते. "माझी गाडी दीडशे बीएचपीची केली" या वाक्यावरून क्लच निवडता येत नाही. जास्तीत जास्त टॉर्क किती आणि तो कितव्या आरपीएमला येतो, हे सांगावे लागते. डायनोवर मोजलेला टॉर्क चाकावरचा आहे की इंजिनचा, तेही विचारून घ्यावे. चाकावरचा आकडा नेहमी कमी दिसतो, आणि तो धरून क्लच घेतला तर तो कमी पडतो.

डिझेल गाड्यांत हे आणखी ठळक दिसते. पोलो जीटी टीडीआयचे १.५ लिटर इंजिन कंपनीतून निघतानाच २५० न्यूटन मीटर देत असे, आणि तेही कमी आरपीएमला. अशा गाडीचा रिमॅप केला की क्लच सगळ्यांत आधी बोलू लागतो.

क्षमता वाढवण्याचे चार मार्ग

वरच्याच उदाहरणात २३० टॉर्कसाठी सुमारे ३०० न्यूटन मीटर तोलणारा क्लच हवा. तिथे पोहोचायचे कसे?

पहिला मार्ग दाब वाढवण्याचा. तीस टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट टाकली की क्षमता २९३ वर जाते. प्लेट मूळ मटेरियलचीच राहते, त्यामुळे गाडी गुळगुळीत उठते. पण पेडल जवळपास त्याच प्रमाणात जड होते. टिळकवाडीच्या पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटसमोर किंवा गणपती खरेदीच्या दिवसांत गणपत गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास अडकले की डावा पाय हिशेब मागतो. शिवाय हा जास्तीचा भार रिलीज बेअरिंग, क्लचचे मास्टर-स्लेव्ह सिलिंडर आणि क्रँकशाफ्टचे थ्रस्ट बेअरिंग यांच्यावर येतो.

दुसरा मार्ग मटेरियल बदलण्याचा. घर्षणांक ०.३ वरून ०.४ केला की त्याच दाबात क्षमता ३०० होते आणि पेडल हलके राहते. पण जास्त पकडीचे मटेरियल चावरे असते. गाडी हळूच उठत नाही, झटका देते.

तिसरा मार्ग प्लेट मोठी करण्याचा. बाहेरचा व्यास २२० आणि आतला १५० केला तरी क्षमता २५० पर्यंतच जाते. फ्लायव्हील आणि हाउसिंग बदलण्याचा खटाटोप पाहता छोट्या गाडीत हा मार्ग फारसा परवडत नाही.

चौथा मार्ग दोन प्लेटचा, म्हणजे ट्विन-प्लेट क्लच. घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार झाल्या की क्षमता थेट दुप्पट, ४५० न्यूटन मीटर, आणि पेडल मूळ इतकेच. ऐकायला सर्वांत उत्तम, पण किंमत आणि आवाज दोन्ही मोठे. मूळ सेट काही हजारांत मिळतो, तर बाहेरून मागवलेला चांगला ट्विन-प्लेट सेट लाखाच्या पुढे जाऊ शकतो.

रोजच्या वापराच्या गाडीला बहुतेक वेळा पहिल्या दोन मार्गांची मिसळ जमते. दाब फक्त पंधरा टक्के वाढवला आणि घर्षणांक ०.३५ चा घेतला, तरी क्षमता ३०२ वर पोहोचते. पेडल थोडेच जड, उठणे थोडेच कडक. "सगळ्यात स्ट्राँग द्या" म्हणण्याऐवजी "माझ्या टॉर्कला पुरेसा, पण रोज चालवता येईल असा द्या" असे म्हणणे शहाणपणाचे.

मटेरियल: ट्रॅक्टरवाल्यांना हे आधीच माहीत आहे

क्लच प्लेटच्या मटेरियलची चर्चा इंग्रजी शब्दांत अडकते, पण आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ती नवी नाही. कारखान्याच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या अनेक ट्रॅक्टरांत गोल लायनिंगऐवजी तुकड्या-तुकड्यांची, धातू आणि सिरॅमिक मिसळलेली प्लेट असते. ती उष्णता सहन करते आणि भारी ओझ्याखाली पकड सोडत नाही. पण ट्रॅक्टर उठताना जो धक्का बसतो, तोही सर्वांनी अनुभवलेला आहे.

कारमध्येही तोच सौदा आहे.

ऑरगॅनिक लायनिंग म्हणजे कंपनीतून येणारे. हाफ क्लचवर सौम्य, आवाज नाही, फ्लायव्हील कमी खाते. मात्र जास्त तापले की पकड सोडते आणि एकदा करपून काचेसारखे चकचकीत झाले की पूर्ववत होत नाही.

केव्हलार किंवा ॲरामिड धाग्यांचे लायनिंग टिकाऊ आणि सौम्य असते. पण ते नीट बसवून घ्यायला संयम लागतो. सुरुवातीलाच तापवले तर वाया जाते.

सिरॅमिक किंवा सेरामेटॅलिक तुकड्यांची प्लेट ट्रॅक्टरच्या जातीची. उष्णतेला भारी, पकड जबर. शहरात मात्र गाडी थरथरत उठते आणि फ्लायव्हीलवर झीज लवकर दिसते. चार किंवा सहा तुकड्यांच्या या प्लेटला गॅरेजमध्ये "बटण क्लच" म्हणतात.

सिंटर्ड लोखंडाची प्लेट फक्त रेससाठी. रस्त्यावरच्या गाडीला तिचा विचारही नको.

प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंग आहेत की नाहीत, हेही पाहावे. स्प्रिंगवाली प्लेट इंजिनचे झटके गिळते. स्प्रिंग नसलेली ठोस प्लेट हलकी असते, गिअर पटकन पडतात; पण प्रत्येक झटका थेट गिअरबॉक्सच्या दातांवर जातो. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी गाडी वापरायची असेल तर स्प्रिंगवालीच बरी.

ट्रॅकपेक्षा ट्रॅफिक जास्त जाळते

अनेकांचा समज असा की ट्रॅकवर क्लच सर्वाधिक झिजतो. प्रत्यक्षात सर्किटवर लॅप मारताना क्लच बहुतेक वेळ पूर्ण धरलेला असतो. गिअर बदलताना क्षणभर सुटतो, पुन्हा धरतो. खरी झीज होते ती गाडी थांबलेल्या अवस्थेतून उठताना.

सपाट रस्त्यावर उठताना क्लचमध्ये तयार होणारी उष्णता साधारण गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. माणसांसह १,२०० किलोची गाडी ताशी २० किलोमीटरपर्यंत क्लच घसरवत उठवली, तर सुमारे साडेअठरा किलोज्यूल उष्णता होते. रेससारखी सुरुवात करून ४० पर्यंत घसरवली, तर ७४ किलोज्यूल. वेग दुप्पट, उष्णता चौपट. एक लिटर पाणी सुमारे अठरा अंशांनी तापवेल एवढी ही उष्णता एक-दोन सेकंदांत पातळ लायनिंगच्या पृष्ठभागावर पडते. असे लागोपाठ पाच-सहा स्टार्ट मारले की ऑरगॅनिक प्लेट संपते.

चढावर हिशेब आणखी बिघडतो. चोर्ला किंवा आंबोली घाटात वाहतूक खोळंबली की ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय अनेकांना असते. तेव्हा गाडी हलत नाही, पण क्लच जळत राहतो. हँडब्रेक लावून उठण्याची सवय कुठल्याही महागड्या सेटपेक्षा जास्त पैसे वाचवते.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी एक साधा मुद्दा. बेळगावहून बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर. तिथून कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणखी साडेतीनशेच्या आसपास. गाडी ट्रेलरवर नेणार नसाल, तर ट्रॅकवरच्या शे-दीडशे किलोमीटरसाठी जाऊन-येऊन सतराशे किलोमीटर त्याच क्लचवर काढायचे आहेत. म्हणून "ट्रॅक क्लच" शोधण्याआधी घरी परतायचे आहे हे आठवावे.

फ्लायव्हील: उद्यमबागला कळणारी गोष्ट

बेळगावचा उद्यमबाग आणि कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव ही नावे फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी ओळखली जातात. त्यामुळे "फ्लायव्हील इथेच हलके करून घेऊ" हा मोह स्वाभाविक आहे. लेथवर दोन किलो लोखंड उतरवणे अवघड नाही. धोका दुसरीकडे आहे.

२६० मिलिमीटर व्यासाचे फ्लायव्हील ६,५०० आरपीएमला फिरते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे असतो. मूळ फ्लायव्हील बहुधा बिडाचे असते. बीड दाब सोसते, ताण नाही. चुकीच्या जागी धातू उतरवला, कोपरा टोकदार राहिला किंवा उष्णतेने आधीच बारीक तडे गेलेले असले, तर ते फुटू शकते. फुटलेले तुकडे हाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि अनेक गाड्यांत त्याच्या मागे चालकाचे पाय असतात. म्हणून हलके फ्लायव्हील हवेच असेल तर ते अखंड पोलादातून कोरलेले, बॅलन्स केलेले आणि त्या वेगासाठी तपासलेले घ्यावे. बिडाचे मूळ फ्लायव्हील कापून हलके करू नये.

साफसफाईसाठी पृष्ठभाग ग्राइंड करून घेणे वेगळे. ते कंपनीच्या मर्यादेत असेल तर योग्यच. अनेक डिझेल आणि काही टर्बो पेट्रोल गाड्यांत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते, ज्यात दोन चकत्यांमध्ये स्प्रिंग असतात. त्याच्या स्प्रिंग सैल झाल्या असतील तर नवा क्लच टाकूनही खडखड राहते. काहीजण त्याऐवजी एकसंध फ्लायव्हील बसवतात. ते मजबूत असते, पण न्यूट्रलवर गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकू येतो. तो दोष नव्हे, निवडीची किंमत आहे.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, आधी हे वाचा

डीएसजी गाड्यांत हा प्रश्न वेगळा होतो. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीक्यू-२०० हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. व्हर्टस आणि तायगुनचे १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० देते. म्हणजे रिमॅपसाठी कागदावर शिल्लक जागा शून्य. इथे "क्लच बदलून बघू" असे करता येत नाही. ताकद वाढवण्यापूर्वीच थांबून विचार करावा.

मॅन्युअल गाडीतही एक मर्यादा आहेच. क्लच हा एका अर्थी फ्यूज असतो. तो घसरतो म्हणून गिअरचे दात आणि ड्राइव्ह शाफ्ट वाचतात. टॉर्कच्या दुप्पट क्षमतेचा क्लच टाकला की फ्यूजच्या जागी तार लावल्यासारखे होते. पुढच्या वेळी मोडेल तो गिअरबॉक्स.

कोणी काय घ्यावे

मूळ ताकदीची गाडी, फक्त शहर आणि घाट: कंपनीचाच किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा मूळ मापाचा सेट. लुक, व्हॅलिओ, एक्सेडी, सॅक्स ही त्यातली ओळखीची नावे. बनावट मालापासून सावध राहावे, पक्के बिल घ्यावे.

साधा रिमॅप, वर्षातून एक-दोन ट्रॅक डे: थोड्या जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि उत्तम ऑरगॅनिक किंवा ॲरामिड, स्प्रिंगवाली प्लेट.

मोठा टर्बो, नियमित ट्रॅक: एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अशी मिश्र प्लेट, किंवा बजेट असेल तर ट्विन-प्लेट.

ड्रॅग किंवा ऑटोक्रॉससाठी राखीव गाडी: सिरॅमिक बटण क्लच. ही गाडी रोज बाजाराला न्यायची नाही.

बसवताना आणि नंतर

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, म्हणून एकदाच उघडून सगळे करावे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलावे. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील पाहावे; त्यातून तेलाचा थेंब जरी प्लेटवर आला तरी नवा क्लच घसरतो. स्प्लाइनवर ग्रीस नखभरच लावावे. बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत. एकाच बाजूने कसले तर प्रेशर प्लेट वाकते आणि क्लच नीट सुटत नाही.

त्यानंतरचे ५०० ते ८०० किलोमीटर शहरातल्या सौम्य वापरात काढावेत. याच काळात प्लेट आणि फ्लायव्हीलचे पृष्ठभाग एकमेकांना बसतात. "नवा टाकलाय, बघू किती खेचतो" म्हणत त्याच संध्याकाळी हायवेला निघणाऱ्यांचे क्लच महिनाभरात परत येतात, आणि दोष मालाला दिला जातो.

कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच

गाडी केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे.

विम्याचाही विचार करावा. नेहमीच्या खासगी कार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर झालेले नुकसान खिशातूनच भरावे लागते. ताकद वाढवल्याचे विमा कंपनीला कळवलेले नसेल, तर रस्त्यावरच्या अपघाताचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

आधी क्लच, मग रिमॅप

बहुतेकजण क्रम उलटा लावतात. आधी ताकद वाढवतात, मग क्लच जळला की धावपळ. योग्य क्रम असा: आधी सध्याच्या क्लचची परीक्षा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वाढतो तसा वेग वाढत असेल तर क्लच धरतो आहे. काटा एकटाच पळाला, तर मूळ ताकदच त्याला पेलत नाही. वाढीव ताकदीचा विषय तिथेच थांबवा. वरच्या गिअरमध्ये टर्बोला पूर्ण दाब जमवायला वेळ मिळतो, म्हणून घसरण तिथे आधी दिसते.

परीक्षेत पास झाला तरी हव्या त्या टॉर्कचा आकडा ठरवा, तीस टक्के जादा धरा, त्याप्रमाणे क्लच बसवा, तो नीट बसू द्या आणि मगच रिमॅप करा. तवंदीच्या चढावर ऊस भरलेला ट्रॅक्टर मागे टाकताना समोरून ट्रक येत असतो. त्या क्षणी क्लच धरला नाही, तर नुकसान नुसत्या प्लेटपुरते राहत नाही.